दहावीनंतर ऑटोमोबाईल डिप्लोमा: ॲडमिशनपासून पहिल्या नोकरीपर्यंत काय काय करायचं

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की नात्यातलं नाहीतर ओळखीतलं कोणीतरी फोन करतंच, पोराला गाड्यांची लय आवड आहे, ऑटोमोबाईल डिप्लोमाला टाकू का, पुढं काय होतं त्याचं. मी स्वतः हाच डिप्लोमा केला, नंतर सर्व्हिस सेंटर आणि आता बसगाड्यांच्या मेंटेनन्सचं काम करतो, म्हणून मला विचारतात. फोनवर पंधरा मिनिटांत हे सगळं सांगून होत नाही, समोरचा फक्त "चांगलंय ना?" एवढंच ऐकतो आणि फोन ठेवतो. म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय, पोरांसाठी पण आणि आईवडिलांसाठी पण.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पार्ट बदलायला तुमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या दादांना तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त येतं आणि तीन वर्षांनंतरही येत राहणार. डिप्लोमा तुम्हाला शिकवतो ते हे की पार्ट का गेला, आणि नवा टाकल्यावर परत का जाणार नाही. हा "का" ज्याला सांगता येतो त्याला ह्या लाईनमध्ये काम मिळतं, मान पण मिळतो. पुढं मी जे जे सांगणार आहे ते सगळं ह्याच्याभोवतीच आहे.

हा कोर्स नेमका काय आहे

तीन वर्षं, सहा सेमिस्टर, पॉलिटेक्निकमध्ये. परीक्षा आणि सिलॅबस महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा म्हणजे एमएसबीटीईचा, ॲडमिशन तंत्रशिक्षण संचालनालय म्हणजे डीटीई बघतं. आयटीआय वेगळं, तिथं मेकॅनिक मोटर व्हेईकलचा ट्रेड दोन वर्षांचा असतो, हात तिथं जास्त चालतो आणि गणित कमी. डिग्री वेगळी, ती बारावी आणि सीईटीनंतर. डिप्लोमा ह्या दोघांच्या मधोमध बसतो, आणि मधला माणूस वर्कशॉपमध्ये फार लागतो, कारण मेकॅनिकची भाषा त्याला कळते आणि कंपनीचं मॅन्युअल पण वाचता येतं.

अजून एक घोळ दरवर्षी होतो. ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंग असं ऐकून लोकांना वाटतं गाड्यांचंच असेल. रस्ते, ट्रॅफिक, सिग्नल, हायवेचं डिझाईन हे सगळं सिव्हिल ब्रँचमध्ये येतं. ऑटोमोबाईलमध्ये वाहतुकीचा जो भाग येतो तो म्हणजे मोटार वाहन कायदा, आरटीओचं काम, ट्रान्सपोर्ट मॅनेजमेंट, बस-ट्रकचा ताफा कसा सांभाळायचा. तुम्हाला रस्ता आवडतो का रस्त्यावरची गाडी, ते आधी ठरवा.

ॲडमिशन: कागद आधी, फॉर्म नंतर

एंट्रन्स परीक्षा नाही. दहावीला गणित आणि विज्ञान असावं, किमान ३५ टक्के लागतात, आणि मेरिट दहावीच्या मार्कांवर लागतं. बारावी सायन्स किंवा दोन वर्षांचं आयटीआय झालेलं असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वेगळी प्रोसेस असते, ते पण खूप जणांना माहीत नसतं आणि उगाच एक वर्ष जास्त घालवतात.

ऑनलाईन रजिस्ट्रेशन, कागदपत्रांची तपासणी, मग मेरिट लिस्ट, मग ऑप्शन फॉर्म म्हणजे पसंतीच्या कॉलेजांची क्रमानं यादी, आणि कॅप राऊंड म्हणजे सीट वाटपाच्या फेऱ्या, असा क्रम. तपासणी ऑनलाईन पण होते, पण घरात कोणी आधी हे केलं नसेल तर सरळ जवळच्या सुविधा केंद्रात जा, तिथं बसलेला माणूस समोर चूक दाखवतो, घरी बसून चूक कळत नाही. दहावीची मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. हा नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चला संपतो, घरात मोठ्या भावाच्या वेळेस काढलेला आहे म्हणून निवांत राहू नका, तारीख बघा. दाखल्यांसाठी निकालानंतर सेतूत एवढी गर्दी होते की हातातली सीट कागदापायी ओपनमध्ये जाते, हे मी डोळ्यानं बघितलंय. एप्रिलमध्येच अर्ज टाका.

ऑप्शन फॉर्म भरताना एकच सांगतो, पहिल्या राऊंडला पहिलाच ऑप्शन लागला तर ती सीट घ्यावीच लागते, पुढच्या राऊंडला जाता येत नाही. म्हणून "असंच टाकून बघू" म्हणून पहिल्या नंबरला काहीही टाकायचं नाही. ज्या कॉलेजात खरंच जायचंय तेच वर. नियम वर्षागणिक थोडे बदलतात, त्या वर्षाची माहिती पुस्तिका डीटीईच्या साईटवर येते, ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकदा वाचाच, कंटाळा आला तरी.

मेकॅनिकल का ऑटोमोबाईल

हा प्रश्न शंभर टक्के येतो म्हणून माझं मत सरळ सांगतो. ज्याला अजून नक्की माहीत नाही की गाड्यांमध्येच राहायचंय, त्यानं मेकॅनिकल घ्यावं, ते रुंद आहे, सरकारी जाहिरातींमध्ये बऱ्याचदा मेकॅनिकल एवढाच शब्द लिहिलेला असतो आणि मग ऑटोवाल्याला आपलं चालतं का ते शोधत बसावं लागतं. पण ज्याला गाडीच पाहिजे, ज्याला सुट्टीत काकांच्या ट्रॅक्टरखाली झोपून बघावंसं वाटतं, त्यानं बिनधास्त ऑटो घ्यावं. मेकॅनिकलच्या पोराला इंजिन एका-दोन विषयांत संपतं, आपल्याला इंजिन, ट्रान्समिशन, सस्पेन्शन, ब्रेक, इलेक्ट्रिकल, बॉडी सगळं सुटं सुटं शिकवतात.

कॉलेज बघताना वर्कशॉप बघा

ऑटोमोबाईल ब्रँच सगळ्या पॉलिटेक्निकमध्ये नसते, त्यामुळं आधी यादी काढा आणि शक्य तेवढी कॉलेजं स्वतः जाऊन बघा. सरकारी कॉलेजची फी काही हजारांत असते, खाजगीत कितीतरी पट. पण फीपेक्षाही वर्कशॉप बघा, बिल्डिंग आणि गेट बघून काही कळत नाही.

काय बघायचं? चालू होणारी गाडी आहे का, का नुसते कापलेले इंजिनचे मॉडेल रंगवून ठेवलेत. टू-पोस्ट लिफ्ट आहे का. स्कॅन टूल म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं मशीन आहे का, आणि त्याला लावायला बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी आहे का. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं बोल्ट आवळायचा पाना), बोअर गेज, मायक्रोमीटर (दोन्ही मोजायची साधनं) कपाटात कुलपात आहेत का पोरांच्या हातात. टेबलावर तेलाचे डाग आहेत का, हे ऐकायला कसं तरी वाटेल पण जिथं काम चालतं तिथं डाग असतातच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थर्ड इयरच्या पोराला बाजूला घेऊन विचारा, गेल्या महिन्यात तू स्वतःच्या हातानं काय खोललंस. त्याला उत्तर आठवायला वेळ लागला तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

पहिलं वर्ष: इथंच निम्मी पोरं हबकतात

पहिल्या वर्षी गाडी दिसतच नाही. गणित, फिजिक्स-केमिस्ट्री, इंजिनिअरिंग ड्रॉइंग, मेकॅनिक्स, वर्कशॉप प्रॅक्टिस, इंग्लिश. गाड्यांच्या आवडीनं आलेला पोरगा विचारतो मी इथं इंटिग्रेशन कशाला करतोय, मन उडतं, लेक्चर बुडतात, आणि गणित राहतं. पेपर ७० मार्कांचा आणि वर्षभराच्या टेस्टचे ३० असा साधारण हिशोब असतो, पास व्हायला ४० टक्के. टेस्टचे ३० मार्क म्हणजे आयते मार्क, ते घालवू नका.

गणित कशाला लागतं ते एका उदाहरणात सांगतो. समजा इंजिन १०० न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर देतंय, पहिल्या गिअरचा रेशो ३.५ आणि डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांकडं ताकद वाटणाऱ्या गिअरचा, ४. दोन्ही गुणा, १४ आले, म्हणजे चाकापर्यंत जाता जाता टॉर्क १४०० होतो, थोडा घर्षणात जातो तो सोडून. आणि चाकाचा वेग तेवढाच १४ पट कमी. भरलेला टेम्पो घाटात पहिल्या गिअरवर का चढतो आणि तिसऱ्यावर का दम तोडतो ते ह्या एका गुणाकारात आहे. सरांनी फळ्यावर सांगितलं नाही तरी तुम्ही स्वतः प्रत्येक गणिताला एक गाडी जोडत जा, मग कंटाळा येत नाही.

ड्रॉइंगचं पण तसंच. शीट पूर्ण करायला दुसऱ्याची बघून उतरवू नका. प्रोजेक्शन म्हणजे एकाच वस्तूचं समोरून, वरून, बाजूनं काढलेलं चित्र डोक्यात बसलं नाही तर पुढं गिअर बॉक्सचं सेक्शन बघून काहीच कळत नाही, आणि कंपनीत क्वालिटीला लागलात तर पहिल्या दिवशी हातात ड्रॉइंगच देतात.

मराठी माध्यमातून आलेल्या पोरांनी घाबरायचं काहीच कारण नाही. मंडळानं मराठी-इंग्रजी मिसळून शिकायचा, लिहायचा पर्याय काही वर्षांपूर्वीच सुरू केलाय. पण पारिभाषिक शब्द इंग्रजीतलेच पाठ करा, कारण मॅन्युअल इंग्रजीत येतं आणि स्कॅनरची स्क्रीन पण. मी एक वही केली होती, डावीकडं मॅन्युअलमधला शब्द, उजवीकडं गॅरेजमधला. गॅस्केटला मिस्त्री पॅकिंग म्हणतो, लीफ स्प्रिंगला पाटा, ॲक्सल स्टॅंडला घोडी. दोन्ही भाषा याव्यात, एक आली आणि दुसरी नाही तर अडायला होतं.

दुसरं वर्ष: मोजायची सवय

इथून गाडी सुरू होते. इंजिन, ट्रान्समिशन, थर्मल, मटेरियलची ताकद, मॅन्युफॅक्चरिंग. आणि इथंच मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण ह्याच वर्षात पोरगा मेकॅनिकसारखा विचार करणार का इंजिनिअरसारखा ते ठरतं.

इंजिन खोललं की पहिलं काम मोजणं. सिलेंडरचं बोअर म्हणजे आतला व्यास घ्या. बोअर गेजनं वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी मोजायचं, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, एक क्रॅंकशाफ्टच्या रेषेत आणि एक त्याला काटकोनात. सहा आकडे येतात. सगळ्यात जास्त झीज वरच्या टोकाला दिसते, जिथं पिस्टनची वरची रिंग थांबून परत फिरते. का? कारण तिथं तेल कमी पोचतं, जळालेल्या गॅसचा दाब जास्त असतो आणि पिस्टन क्षणभर थांबल्यामुळं तेलाचा थर टिकत नाही. वर-खाली फरक आला तो टेपर, दोन दिशांत फरक आला ती ओव्हॅलिटी. हे आकडे मॅन्युअलच्या लिमिटशी ताडून मगच ठरतं की नुसत्या रिंगा टाकायच्या का बोअर करून म्हणजे सिलेंडर आतून कातून ओव्हरसाईज पिस्टन. जो न मोजता रिंगा टाकतो त्याची गाडी दोन महिन्यांत परत धूर मारते.

व्हर्निअरचा लीस्ट काऊंट म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप बहुतेक ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचा ०.०१. जर्नलमध्ये आकडे उतरवून घेणारी पोरं भरपूर असतात, तुम्ही स्वतः मोजा, तीनदा मोजा, तीन वेळा वेगळं आलं तर हात चुकतोय समजा.

टॉर्क रेंचचं पण सांगतो. हेडचे म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आणि एकदम न आवळता दोन-तीन टप्प्यांत. कडेनं सुरू केलं की हेड वाकून बसतं आणि गॅस्केट जातं. चाकाचे नट समोरासमोरचे आवळायचे, गोल फिरत नाही. "हाताला कळतं किती आवळायचं" असं सांगणारे उस्ताद भेटतील, त्यांना उलट बोलू नका, वय आणि अनुभव मोठा असतो, पण आपलं काम रेंच लावूनच करा.

सुरक्षेचं एकच वाक्य पण ते विसरलात तर बाकी सगळं वाया: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, घोड्या लावल्याशिवाय नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही.

इलेक्ट्रिकल: सगळे टाळतात ते आपण शिकायचं

दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी एका गॅरेजवर बिनपगारी बसायचो. एक गाडी तिसऱ्यांदा आली, दोन-तीन दिवस उभी राहिली की स्टार्ट होत नाही. आधी बॅटरी बदलून झालेली, मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, मालकाचे बरेच पैसे गेलेले आणि तो वैतागलेला. मी मल्टिमीटर घेतला, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मधे ॲमीटर लावला, सगळं बंद करून, दारं लॉक करून अर्धा तास थांबलो, कारण गाडीतले कंट्रोल युनिट म्हणजे छोटे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. चांगल्या गाडीत सगळं बंद असताना बॅटरीतून जाणारा करंट साधारण ५० मिलिॲंपिअरच्या आत असतो. इथं ०.४ ॲंपिअर. मग एकेक फ्यूज काढत गेलो आणि म्युझिक सिस्टीमच्या फ्यूजला आकडा धपकन खाली आला. बाहेरून बसवलेला ॲम्प्लिफायर थेट बॅटरीच्या चालू लाईनवर जोडलेला, चावी काढली तरी तो जागाच.

आता हिशोब करा. ३५ ॲंपिअर-तासाची बॅटरी, ०.४ नं भागा, साडेसत्त्याऐंशी तास म्हणजे साडेतीन दिवसांच्या थोडं वर, आणि स्टार्टर फिरवायची ताकद त्याच्या आधीच संपते. मालक सांगत होता तेच. दोन पार्ट बदलून जे झालं नाही ते एका वायरची जागा बदलून झालं. त्या दिवसापासून गॅरेजमध्ये सगळे मला बोलवायला लागले, आणि मला तोपर्यंत एक गिअर बॉक्स पण नीट उतरवता येत नव्हता.

हे करताना एक लक्षात ठेवा, मीटर असा सिरीजमध्ये लावलेला असताना स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. स्वतःचा मल्टिमीटर घ्या, पहिल्या वर्षीच घ्या, मोबाईलचं नवं कव्हर नाही घेतलं तरी चालेल.

बीएस-६ आणि इलेक्ट्रिक: ह्याच्याशिवाय आता चालत नाही

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं आणि गॅरेजचं काम बदललं. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये आता पूर्ण कारखाना बसलाय, काजळी पकडणारा डीपीएफ, मोठ्या गाड्यांत युरियाचं द्रावण फवारणारी एससीआर. ते द्रावण ३२.५ टक्के युरियाचं असतं, शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकला तर पूर्ण सिस्टीम जाते, हे ट्रकवाल्यांना समजावून सांगायचं काम पण आपलंच.

डीपीएफचा दिवा वारंवार लागतो अशी तक्रार शहरातल्या डिलिव्हरीच्या गाड्यांना फार असते. सेन्सर बदला, फिल्टर बदला असं सुरू होतं. आधी विचारा गाडी दिवसाला कशी चालते. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, सिग्नल, बंद-चालू. डीपीएफमधली काजळी जाळायला साधारण ६०० डिग्री तापमान लागतं आणि अशा चालवण्यात एक्झॉस्ट तेवढा तापतच नाही, अर्धवट जळून राहते. हायवेला एकसारखी पळवली की बऱ्याचदा दिवा जातो. स्कॅनर कोड सांगतो, कारण तुम्हीच विचारून काढायचं असतं. पी०३०० म्हणजे मिसफायर, सिलेंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, एवढंच मशीन सांगेल, प्लग का कॉईल का इंजेक्टर का कॉम्प्रेशन हे शोधायला तीन वर्षं शिकायचं.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर धावली, आणि १ जून २०२२ ला एसटीची इलेक्ट्रिक शिवाई पण त्याच मार्गावर सुरू झाली. पुण्या-मुंबईच्या शहर बसमध्ये पण इलेक्ट्रिक गाड्या आहेत. म्हणजे ह्या गाड्या सांभाळणारी माणसं आता लागतायत. हाय व्होल्टेजच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात, त्यांना शेकडो व्होल्ट असतात, बारा व्होल्टच्या सवयीनं हात घातला तर जीव जातो. अंगठी-घड्याळ काढायचं, रबरी हातमोजे फुंकून भोक आहे का तपासायचं, हाय व्होल्टेजची लाईन तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, मॅन्युअलमध्ये जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढी थांबायचं कारण इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि मग मीटरनं शून्य आहे का बघून मगच हात. रीतसर ट्रेनिंग झाल्याशिवाय नारिंगी केबलला हात लावू नका, कोणी कितीही सांगू दे.

कायद्याचा विषय वरवर वाचू नका

मोटार वाहन कायदा १९८८, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९. पोरं हा विषय आदल्या रात्री वाचून पास होतात. पण ट्रान्सपोर्ट गाडीचं फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, हे फ्लीटमध्ये म्हणजे गाड्यांच्या ताफ्यावर काम करणाऱ्याला तोंडपाठ लागतं, एक गाडी फिटनेसविना निघाली आणि अपघात झाला तर काय होतं ते सांगायला नको.

आणि ह्याच विषयावर आरटीओची नोकरी उभी आहे. सहाय्यक मोटार वाहन निरीक्षक ही पदं एमपीएससीतून भरतात, ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा चालतो. ड्रायव्हिंग लायसन्स लागतं म्हणून १८ पूर्ण झाले की गिअरच्या मोटरसायकलचं आणि चारचाकीचं दोन्ही काढून टाका. अवजड वाहनाचं लायसन्स २० वर्षांनंतर मिळतं, चारचाकीचं एक वर्ष झालेलं असेल तर, ते काढलं तर बस आणि ट्रकच्या कामात फार उपयोगी पडतं.

ट्रेनिंग आणि अप्रेंटिसशिप

कोर्समध्येच कंपनीतली ट्रेनिंग असते. पुणे बाजूला पिंपरी, आकुर्डी, चाकण, रांजणगाव, नाशिकला सातपूर, संभाजीनगरला वाळूज आणि शेंद्रा, कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्री. सगळे मोठ्या कंपनीच्या गेटकडं धावतात आणि महिनाभर एका स्टेशनवर उभं राहून येतात. माझा सल्ला, एखादा मध्यम आकाराचा सर्व्हिस वर्कशॉप किंवा एसटीचा, शहर बसचा डेपो मिळाला तर तो घ्या, रोज वेगळी गाडी आणि वेगळा बिघाड बघायला मिळतो. प्रोजेक्ट रिपोर्ट सीनियरचा कॉपी करू नका, इंटरव्ह्यूला तुमच्याच प्रोजेक्टवर विचारतात. आणि रोजची डायरी ठेवा, गाडी, किलोमीटर, तक्रार, काय सापडलं, का झालं. माझी ती डायरी इंटरव्ह्यूत मार्कलिस्टपेक्षा जास्त वेळ बघितली गेली.

पास झाल्यावर एक वर्षाची अप्रेंटिसशिप म्हणजे भत्ता घेऊन कंपनीत काम शिकणं, त्यासाठी केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर नाव नोंदवायचं. २०१९ च्या नियमांत डिप्लोमावाल्यांना किमान ८००० रुपये महिना ठरला होता, आत्ताचा आकडा पोर्टलवर बघून घ्या. घरच्यांना हा आकडा छोटा वाटतो, पण वर्षाच्या शेवटी जे सर्टिफिकेट आणि जो हात तयार होतो तो पुढं कामाला येतो. जॉइन होताना स्पष्ट विचारा, अप्रेंटिस आहे का ट्रेनी, कंपनीच्या रोलवर का कॉन्ट्रॅक्टरच्या, पीएफ कापणार का, बस-कॅन्टीन आहे का. विचारायला लाजू नका, आणि ऑफर लेटर हातात आल्याशिवाय रूमचं डिपॉझिट भरू नका.

कामं कुठली कुठली मिळतात तर सर्व्हिस ॲडव्हायझर, फ्लोअर सुपरवायझर, वॉरंटी, क्वालिटी इन्स्पेक्शन, असेंब्ली लाईन, स्पेअर पार्ट, फ्लीट मेंटेनन्स. ज्याला बोलता येतं तो ॲडव्हायझर म्हणून लवकर वर जातो, ज्याला माणसांपेक्षा मशीन बरी वाटते त्यानं क्वालिटी किंवा टेस्टिंग बघावं. इन्शुरन्सचा सर्व्हेअर हा पण एक चांगला रस्ता आहे, त्याला विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआयचं लायसन्स, ट्रेनिंग आणि परीक्षा लागते, अपघाताची गाडी बघून नुकसान ठरवायचं काम. टेस्टिंगची आवड असेल तर पुण्यात एआरएआय ही गाड्यांची संशोधन संस्था आहे, १९६६ पासूनची, देशातल्या गाड्यांची मान्यतेसाठीची तपासणी तिथं होते. भोसरीला सीआयआरटी ही संस्था आहे, तिथं सार्वजनिक वाहतुकीचं काम चालतं.

पैशाचं

शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केल्याशिवाय काहीच मिळत नाही आणि मुदत निघून गेली की कॉलेज पण काही करू शकत नाही. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना बघा, हॉस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. बॅंक खातं आधारला लिंक आहे का हे आधी तपासा, निम्मे अर्ज तिथं अडकतात.

मुलींसाठी एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,००० रुपये, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. आणि मुलींच्या आईवडिलांना मुद्दाम सांगतो, पोरगी ऑटोला जाते म्हटल्यावर नातेवाईक नाकं मुरडतात, तिकडं लक्ष देऊ नका. माझ्या बॅचला तीन मुली होत्या, इलेक्ट्रिकलच्या प्रॅक्टिकलला सगळ्यात आधी फॉल्ट सापडायचा तो त्यांच्याच टेबलावर. लिफ्ट, हॉइस्ट, एअर गन आल्यापासून हे काम नुसत्या ताकदीचं राहिलेलं नाही.

डिग्री करू का

डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग डिग्रीला जाता येतं, ओपनला ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतात, मेरिट डिप्लोमाच्या मार्कांवर. घरची परिस्थिती असेल आणि डिझाईन किंवा आर अँड डीमध्ये जायचं असेल तर जा. पण तिथं दुसऱ्या वर्षाचं गणित अंगावर येतं, डिप्लोमात गणित कसंबसं काढलेल्या पोरांना तिथं फार जड जातं, म्हणून सुट्टीत बारावीचं कॅल्क्युलस एकदा करूनच जा. घरी पैशाची ओढाताण असेल तर आधी अप्रेंटिसशिप करा, एक वर्ष काम बघा, मग ठरवा, डिग्रीचं दार वर्षभरानं बंद होत नाही. माझ्याबरोबरचे काही जण असंच वर्षभरानं गेले आणि कुठली ब्रँच घ्यायची ते त्यांना तोपर्यंत नीट कळलेलं होतं.

सगळी मूळ कागदपत्रं एका फाईलला ठेवा आणि ती फाईल कोणाकडंही जमा करून ठेवू नका, कंपनीनं मागितली तरी झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा आणि परत घ्या. आणि यंदा दहावीला बसणारं कोणी घरात असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज ह्याच आठवड्यात टाकून या.